डावखुरा गाडीवान

नागसेन ओव्हाळच्या घरात दोन तऱ्हेचे डबे होते. एक त्याच्या बायकोचे, म्हणजे भाग्यश्रीचे. चाकणच्या कंपन्यांत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या पोरांना ती जेवण पुरवायची, आणि पहाटेपासून तिच्या ओट्यावर ॲल्युमिनियमचे चपटे, गोल, चपात्यांचे डबे ओळीनं मांडलेले असायचे. दुसरे डबे नागसेनचे. तेही ॲल्युमिनियमचे, तेही चपटे आणि गोल, फक्त आत चपात्यांऐवजी सिनेमाची रिळं. मग व्हायचं ते एकदा झालंच. चाकणला जेवणाच्या सुट्टीत चार पोरांनी डबा उघडला आणि आतून काळी पट्टी बाहेर पडायला लागली ती संपेचना. "काकी, आजची चपाती जरा लांबली," असा त्यांचा फोन आला. भाग्यश्री लाजेनं अर्धी झाली आणि तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. नागसेनही बोलला नाही. त्या पोरांनी रिळाला तेलकट हात लावले होते, हे त्याचं दुःख.

हे झालं बऱ्या दिवसांतलं. तेव्हा नागसेन रिळांवरून भांडत होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

नागसेनचे वडील बार्शी तालुक्यातलं गाव सोडून पिंपरीला आले, कारखान्यात चिकटले, आणि पुढे पिंपळे गुरवला अर्ध्या गुंठ्यात दोन खोल्या बांधल्या. नागसेननं त्यावर दोन खोल्या चढवल्या. तो कंपनीत स्टोअरला होता. नट मागितला तर नट, बेअरिंग मागितलं तर बेअरिंग, आणि सही केल्याशिवाय कुणाच्या बापालाही काही नाही, असा त्याचा खाक्या. असा माणूस घरी येऊन मात्र जुन्या सिनेमांच्या पायी खुळा झालेला असायचा. व्हिडिओ आला, मग सीडी आली, गावोगावचे फिरते सिनेमे बसले, आणि त्यांची लहान पट्टीची रिळं कुणी माळ्यावर टाकली, कुणी भंगारात घातली. नागसेन सुट्टीच्या दिवशी ती शोधत फिरायचा. कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या कडब्याच्या गंजीमागून त्यानं डबे उपसून आणले. प्रोजेक्टरही असाच आणला होता, आतल्या उंदरांच्या घरट्यासकट. दर रविवारी सकाळी तो एकेक रीळ उलगडून मऊ फडक्यानं पुसायचा. दिवाण भरला, लोखंडी कपाट भरलं, मग माळा भरला.

"ह्या घरात माणसांनी आता राहायचं कुठं?" भाग्यश्री विचारायची.

"डब्यांना विचार," तो म्हणायचा.

एवढा खटाटोप त्यानं का मांडला होता, ते त्यानं फार थोड्या लोकांना सांगितलं होतं. त्याला एकच सिनेमा हवा होता. बाकीची रिळं त्या एकाच्या शोधात गोळा झालेली होती.

तो पाच-सहा वर्षांचा असेल, शाळेत अजून नाव घातलेलं नव्हतं. गावच्या जत्रेत उघड्यावर सिनेमा आला होता. दोन बांबूंना पांढरं कापड ताणलेलं, वारा आला की त्या कापडाला पोट सुटायचं आणि हिरोचा गाल फुगायचा. हिरो होता गाडीवान. नदीला पूर आलेला, पाणी डावीकडून उजवीकडे धो धो वाहतंय, आणि मधोमध बैलगाडी अडकलेली. गाडीत एक मुलगी, तिच्या उजव्या गालावर तीळ. गाडीवान डाव्या हातानं आसूड उडवतो, बैल हलत नाहीत, मग आसूड फेकून पाण्यात उतरतो आणि डावा खांदा चाकाला देऊन गाडी बाहेर काढतो. नागसेन आईच्या मांडीवर होता. शेजारी बाप तोंडात दोन बोटं घालून शिट्ट्या मारत होता. बापाला इतकं खुशीत त्यानं पुढे कधी पाहिलं नाही. कारखान्यातून घरी यायचा तो बाप थकलेला असायचा, आणि नागसेन मिसरूड फुटायच्या वयात असताना तो वारलाच. म्हणून ती एक संध्याकाळ नागसेननं जपून ठेवली होती, आणि तो सिनेमा सापडला की ती संध्याकाळ पुन्हा हाताला लागेल, असं त्याला वाटायचं.

तर ह्या डावखुऱ्या गाडीवानासाठी त्यानं कोल्हापूर केलं, सांगली केली, नारायणगाव केलं. जो भेटेल त्याला विचारायचा, "डावखुरा गाडीवान. नदीचा पूर. उजव्या गालावर तीळ." लोक डोकं खाजवायचे. कोल्हापुरात एकानं त्याला एक सिनेमा दिला, पहिलं रीळ गहाळ असलेला, त्यामुळे नावगाव काही नाही. "ह्यात गाडीवान आहे आणि पूर पण आहे," तो म्हणाला. नागसेननं घरी येऊन दारं-खिडक्या बंद करून तो भिंतीवर लावला. गाडीवान आला, पूर आला, गाडी अडकली, आणि गाडीवानानं आसूड उचलला तो उजव्या हातात! पाणी उजवीकडून डावीकडे, तीळ डाव्या गालावर. नागसेननं प्रोजेक्टर बंद केला. त्याच्या मते कुण्या लबाडानं मूळ सिनेमाची नक्कल मारली होती आणि ती मारताना डावखुरा माणूससुद्धा त्याला मिळाला नव्हता. त्यानं डब्यावर खडूनं 'नक्कल' असं लिहिलं आणि तो दिवाणाच्या अगदी तळाला ढकलला.

निवृत्त झाल्यावर त्याला कुणीतरी लक्ष्मणरावांचा पत्ता दिला. लक्ष्मणराव कुर्डुवाडीला असायचे, वय नव्वदीच्या घरात, आणि बार्शीकडच्या एकूण एक जत्रांत सिनेमे दाखवलेला माणूस. नागसेन तांबडं फुटायच्या आत निघाला. म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. स्मरणशक्ती खणखणीत. नागसेनच्या गावचं नाव घेताच तिथल्या जत्रेत कुठल्या साली काय लावलं ते त्यांनी सांगून टाकलं.

"गाडीवानाचाच सिनेमा होता तो," लक्ष्मणराव म्हणाले. "पूर होता, तीळ होता. पण गाडीवान उजव्या हाताचा."

"तो माझ्याकडे आहे. ती नक्कल आहे."

"नक्कल कसली? एकच निघाला तसा. शंभर वेळा मी माझ्या हातानं लावलाय. डावखुरा हिरो मी उभ्या जन्मात दाखवला नाही. तुम्ही लहान होता, पाव्हणं. लहानपणी माणूस काहीही बघतो."

नागसेन चहा पिऊन परत आला.

त्या दिवसापासून त्याचा जीव रिळांवरून उडाला. सिनेमा मिळाला नाही याचं त्याला एवढं वाटलं नसतं, न मिळण्याची त्याला सवय होती. पण जो सिनेमा आपण पाहिला तो कधी निघालाच नव्हता, हे भलतंच होतं. मग ते फुगणारं कापड तरी खरं का? आणि बापाच्या शिट्ट्या? एका पोरानं काहीतरी मनानं रचलं आणि त्यामागे एक म्हातारा होईपर्यंत धावला, एवढाच हिशेब उरत होता. रविवारचं पुसणं बंद झालं. प्रोजेक्टरवर भाग्यश्रीनं इस्त्रीचे कपडे ठेवले तरी तो काही बोलला नाही. सकाळी उठायचा, दारातल्या ओट्यावर बसून मोबाईल चाळायचा, जेवायचा, पुन्हा चाळायचा.

जी बाई तीस वर्षं डब्यांच्या नावानं बोटं मोडत होती, तिला आता घास जाईना. भाग्यश्रीनं मुद्दाम खडा टाकून पाहिला. "फलटणला कुणाच्या तरी वाड्यात रिळं सापडलीत म्हणे. तुम्ही जाऊन येता का?"

"असू देत," नागसेन म्हणाला.

हे 'असू देत' ऐकून ती खरोखर घाबरली. पूर्वी फलटणचं नाव ऐकून त्यानं चपला घातल्या असत्या आणि मग शर्ट शोधला असता.

अशात सयाजी आला. सयाजीचं घराणं पिंपळे गुरवच्या जुन्या गावकऱ्यांतलं, त्याचा मांडव आणि डेकोरेशनचा धंदा, आणि नागसेनशी त्याची शाळेपासूनची यारी. विकलेल्या जमिनीचे पैसे बंगल्यात गेले, पण बोली तीच राहिली होती.

"भावा, एक काम हाय," तो बसता बसता म्हणाला. "रहाटणीला रिसेप्शनची ऑर्डर घेतलीय. रेट्रो थीम. आता रेट्रो म्हंजी काय तर जुनं-पानं लटकवायचं. पोरगी म्हनली, फिल्मच्या पट्ट्यांचं तोरण पायजे, स्टेजभर. मला तुजी याद आली. तू आता रिळं बघत न्हाईस, व्हय ना?"

वर्षभरापूर्वी असं कुणी बोललं असतं तर नागसेननं त्याला जिना उतरवून दिला असता. आता तो म्हणाला, "घेऊन जा. सगळीच ने."

सयाजीलाच ओशाळल्यासारखं झालं. "सगळी? राव, बघ बरं. एकदा कापली की कापली."

"कापायचीच तर आहेत."

ठरलं. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सयाजीचा टेम्पो येणार होता. स्वयंपाकघरातून भाग्यश्री हे सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि सयाजीला म्हणाली, "न्या भाऊजी. पण तीस वर्षं ह्या घरात रिळं आहेत आणि गल्लीनं एक सिनेमा बघितलेला नाही. पौर्णिमेला खीर वाटायचीच आहे, संध्याकाळी एखादा लावू द्या ह्यांना. मग घाला तोरणात."

नागसेनला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. म्हणून तो हो म्हणाला.

आता लावायचा कुठला? प्रोजेक्टर वर्षभर बंद पडलेला, पट्टी चावायची त्याला जुनी खोड. चांगलं रीळ फाटायला नको, अशी एक जुनी सवय अजून हातात शिल्लक होती, जीव नसला तरी. त्यानं दिवाणाच्या तळातून 'नक्कल' काढली. ही फाटली तर फाटली.

पौर्णिमेला विहारासमोर सयाजीच्या पोऱ्यांनी मांडव घातला होताच. पडदा म्हणून सयाजीनं मांडवाचंच पातळ पांढरं कापड गल्लीच्या मधोमध आडवं ताणलं, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. गल्ली दोन्ही बाजूंना सारखीच, त्यामुळे निम्मी माणसं प्रोजेक्टरकडे बसली आणि निम्मी कापडाच्या पलीकडे आपापल्या दारात. नागसेनची आई सोजरबाई, वय ऐंशीच्या पुढचं, तिला खुर्चीसकट पुढे आणायला नागसेन गेला तर ती हलेना.

"मी हितंच बसती," ती म्हणाली. "नदीचा वारा हिकडनं येतुया."

"आई, इकडून उलटा दिसेल."

"दिसू दे. मला काय त्यात परीक्षा द्यायची हाय?"

सिनेमा सुरू झाला. सुरुवात नसल्यामुळे पहिली पाच मिनिटं कोण कुणाचं कोण हे कुणालाच कळेना, पण गल्लीनं फार मनाला लावून घेतलं नाही. खिरीचे द्रोण फिरत होते. मोबाईलवर जन्मलेली पोरं पडद्यापेक्षा प्रोजेक्टरकडेच जास्त बघत होती, कारण त्यातून खट खट आवाज येत होता. नागसेन मशीनजवळ उभा होता. पट्टी नीट जातेय ना, एवढ्यावरच त्याचं लक्ष होतं.

रीळ बदलून झालं आणि कापडापलीकडून सोजरबाईची हाक आली, "आरं, पानी दे कुनीतरी! खीर लई गोड झालीया." भाग्यश्री पातेल्याशी अडकलेली. नागसेननं सयाजीला मशीनपाशी उभं केलं, "पट्टी अडकली तर हे बटण दाब, दुसऱ्या कशाला हात लावू नको," असं बजावलं, पेला भरला आणि कापडाला वळसा घालून पलीकडे गेला.

नेमका पूर आला होता.

पेला पुढे करता करता नागसेननं मान वर केली. पाणी डावीकडून उजवीकडे चाललं होतं. गाडी अडकली होती, मुलीच्या उजव्या गालावर तीळ होता. गल्लीमागच्या नदीवरून वारा आला, कापडाला पोट सुटलं, गाडीवानाचा गाल फुगला, आणि त्यानं आसूड उचलला डाव्या हातानं. मग तो पाण्यात उतरला आणि त्यानं चाकाला डावा खांदा दिला.

"सांडलंस का रं समदं?" सोजरबाई ओरडली. पेला तिच्या पायांवर रिकामा झाला होता.

नागसेन धावत कापडाच्या पुढच्या बाजूला गेला. उजवा खांदा. धावत मागे आला. डावा. परत पुढे गेला. त्याच्या डोक्याची सावली पडद्यावर नाचायला लागली तेव्हा गल्लीनं एकमुखानं आरडाओरडा केला. "ओव्हाळकाका, बसा की खाली! नाहीतर तुम्हीच ओढा ती गाडी!"

तो मागे आला आणि आईच्या पायाशी जमिनीवरच बसला. रिळांचं नखन् नख माहीत असलेला हा माणूस. पट्टी कुठल्या अंगानं घालायची, उलटी पडली तर काय दिसतं, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती, कारण कापडाला दुसरी बाजू असते आणि आपण तिथे बसलो होतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "आपल्या गावात जत्रेत सिनेमा आला होता. गाडीवानाचा."

"ह्योच की त्यो."

"तुला माहीत होतं?"

"माहीत म्हंजी? बघतीया न्हवं मगाधरनं. असाच तर बघितला व्हता. गावातली मानसं त्या अंगाला बसायची, आन् आपली वस्ती ह्या अंगाला. तू मांडीवर. तुजा बा शिट्ट्या मारून मारून दुसऱ्या दिशी बोलंना, घसाच धरला त्याचा."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तू कवा इचारलंस? तू आपला कोल्हापूर, सांगली, कुर्डुवाडी. जगाला इचारत हिंडलास. घरात आई हाय, तिलाबी डोळं व्हतं, ती तितंच बसली व्हती, तिला इचारावं, ह्ये काय तुज्या मनात आलं न्हाई."

भाग्यश्री पातेलं घेऊन मागेच उभी होती. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. आणि तिला हसू आवरेना.

नागसेनला मात्र आधी हसू आलं नाही. आधी त्याला राग आला. गावातली वेगळी विहीर, वरून ओतलेलं पाणी, हे सगळं तो बापाकडून ऐकत आला होता. पण त्या एका संध्याकाळीला त्यानं त्यातलं काही चिकटू दिलं नव्हतं. ती संध्याकाळ स्वच्छ होती, सगळ्या गावाची होती, असं त्यानं धरून चाललं होतं. तर तिथेही कापड मध्ये होतंच.

"म्हणजे आपल्याला मागं बसवायचे," तो म्हणाला.

"तवा समदं तसंच व्हतं. त्यात तुला नवं काय घावलं?" सोजरबाईनं ओले पाय वर घेतले. "पर एक सांगू का? सिनेमाला काय त्या कापडानं अडवलं न्हाई. समदा हिकडं यायचा. आन् वारा आमच्याच अंगाला व्हता."

आणि मग नागसेनच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्यातच तो हसायलाही लागला. त्यानं काही रचलं नव्हतं. कापड फुगलं होतं, आईची मांडी होती, बापानं शिट्ट्या मारल्या होत्या आणि त्याचा घसा बसला होता. लक्ष्मणरावही खरे होते आणि तोही खरा होता. त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि अशी काही शिट्टी मारली की पलीकडे सयाजी दचकला आणि त्यानं भलतंच बटण दाबलं.

सिनेमा बंद पडला. गल्लीनं सयाजीचा उद्धार केला. नागसेननं पळत जाऊन पट्टी पुन्हा बसवली, मशीन सुरू केलं आणि ओरडून सांगितलं, "ज्याला डावखुरा हिरो बघायचा असेल त्यानं पलीकडे यावं!" कोण ऐकणार? पण एक आला, मग चार आले, आणि पुढची निम्मी माणसं खिरीचे द्रोण सांभाळत मागे आली. मागून बघितल्यावर त्यांचे वाद लागले. पुढून खलनायक जास्त वाईट दिसतो का मागून, यावर दोन रिक्षावाले इतके तावातावानं भांडले की शेवट त्यांनी बघितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीचा टेम्पो दारात उभा राहिला. नागसेन जिन्यात आडवा उभा होता, स्टोअरच्या खिडकीत उभा राहायचा तसाच.

"चल राव, भरू या," सयाजी म्हणाला.

"एक पट्टी मिळणार नाही."

"आरं, शब्द दिलावतास!"

"दिला होता. परत घेतला."

"आन् रविवारी त्या पोरीच्या स्टेजवर मी काय लटकवू? मला लटकवतील ते!"

शेवटी मार्ग काढला तो भाग्यश्रीनं. तिनं पोचे आलेले, झाकणं न बसणारे चपात्यांचे जुने डबे पोतंभर काढून दिले. सयाजीनं त्यांना काळा रंग मारला, वर पांढऱ्या रंगानं रिळांच्या डब्यांवर असतात तसे आकडे काढले आणि स्टेजभर टांगले. रिसेप्शनला आलेल्या शेकडो माणसांनी त्या डब्यांसमोर उभं राहून फोटो काढले. नवरीच्या मामानं तर सयाजीला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, की एवढी जुनी रिळं मिळवली कुठून.

इकडे नागसेनच्या घरात वेगळाच धुमाकूळ सुरू झाला. ज्याच्याकडे बघवत नव्हतं त्या माणसाला आता बसायला फुरसत नव्हती. त्यानं गच्चीवर कापड ताणलं, त्याच्या एका अंगाला प्रोजेक्टर आणि दुसऱ्या अंगाला खुर्ची, आणि आजवर गोळा केलेला एकेक सिनेमा तो मागून बघायला लागला. त्याचं म्हणणं असं, की हे सगळे सिनेमे आपण अर्धेच पाहिलेत. त्याचा खजिना एका दमात दुप्पट झाला होता, आणि त्यासाठी घरात एकही नवा डबा आणावा लागला नव्हता. ही गोष्ट त्यानं भाग्यश्रीला मोठ्या अभिमानानं सांगितली. "तेवढंच बरं," ती म्हणाली. प्रोजेक्टरवर ठेवलेल्या इस्त्रीच्या कपड्यांवरून त्यानं तिच्याशी कडाक्याचं भांडण केलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

मग त्यानं लक्ष्मणरावांना फोन लावला. सगळी हकीकत सांगितली.

"बसायची खरी तुमची माणसं मागं," लक्ष्मणराव म्हणाले. "मी मशीन सोडून कधी हललोच नाही. एवढी वर्षं सिनेमा दाखवला, पण पलीकडून कसा दिसतो ते मला ठाऊक नाही. मी तुम्हाला खोटं पाडलं, पाव्हणं. चुकलं माझं."

"तुम्ही नव्वदीत आलात म्हणून काय झालं?" नागसेन म्हणाला. "पलीकडून अजूनही बघता येईल. मी मशीन घेऊन येतो. तुमची खुर्ची मागं टाकू."

म्हातारा खूष झाला. इतका की त्यानं लगेच आठवायला सुरुवात केली. त्या सिनेमाची एक प्रत त्यांच्या भागीदाराकडे सांगोल्याला गेली होती. भागीदार वारला, पण त्याच्या मुलानं काही टाकलेलं नाही. पहिलं रीळ तिथे असणार, नक्की असणार.

आता नागसेनला कोण थांबवणार? त्यानं रात्रीच पिशवी भरून ठेवली, मऊ फडकी, रीळ गुंडाळायची चकती, सगळं. सकाळी चपला घातल्या आणि मग शर्ट शोधला. भाग्यश्रीनं चपात्यांचा डबा हातात देताना तो उघडून, आत चपात्याच आहेत ना, हे दोघांनीही बघून घेतलं.

सोजरबाई दारात ऊन खात बसली होती. "कुठं चाललास?"

"सांगोल्याला. गाडीवानाचं पहिलं रीळ आहे तिथं. तुला आठवतं का गं, सुरुवातीला काय होतं? मला काहीच आठवत नाही."

"तुला कसं आठवंल? मलाच ठावं न्हाई," सोजरबाई म्हणाली. "गावातली मानसं नीट बसली की मंग आमाला हाळी यायची, या आता म्हनून. तवर सिनेमा लई म्होरं गेल्याला असायचा. जवळजवळ समद्या सिनेमांचं तसंच. सुरवात आमी कवा बघितलीच न्हाई."

नागसेनचा पाय उंबऱ्यावरच थांबला. तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. वारा कुठल्या अंगानं येतो हे सांगावं तसं सांगितलं होतं. आपल्यालाही आजवर गोष्ट मधूनच कळत आली, आणि आपण तिलाच पुरी समजत आलो, हे त्याच्या ध्यानात आलं.

"बघत काय ऱ्हायलास? जा, घिऊन ये," सोजरबाई म्हणाली. "आन् ऐक. ती सुरवात लावशील ना, तवा माजी खुर्ची म्होरल्या अंगाला टाक. अगदी म्होरं. वारा नसला तरी चालंल."

"टाकतो," नागसेन म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून, पहिल्या शिफ्टची बस चुकेल अशा घाईनं, कासारवाडी स्टेशनकडे चालायला लागला.